छताचा पंखा: आधी खोली मोजा, मग दुकानात जा

पंखा घ्यायला दुकानात गेलं की गप्पा ठरलेल्या असतात. स्पीड किती, रंग कोणकोणते, वॉरंटी किती वर्षांची. वारा किती मिळणार हे फारसं कुणी विचारत नाही, आणि विचारल्याशिवाय दुकानदार सांगत नाही. पैसे मात्र आपण वाऱ्याचेच मोजत असतो. नवीन घर लावणाऱ्यांसाठी, भाड्याच्या खोलीत पहिल्यांदा स्वतःचा पंखा टांगणाऱ्यांसाठी, किंवा आईवडिलांच्या घरातला वीस वर्षांचा पंखा बदलू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. क्रम मुद्दाम उलटा धरलाय: आधी अंग, मग खोली, मग पाती, मग मोटर. वारा जिथे पोचायचा आहे तिथून मागे मागे जात राहिलं, की कशाला किती महत्त्व द्यायचं ते कळत जातं.

पायरी १: अंगाला काय हवं ते समजून घ्या

पंखा खोली थंड करत नाही. उलट किंचित गरमच करतो, कारण मोटर जेवढी वीज खाते तेवढी सगळी शेवटी त्याच खोलीत उष्णता होऊन उरते. पटत नसेल तर भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर घ्या, दारं-खिडक्या लावून रिकाम्या खोलीत तासभर पंखा चालू ठेवा. पारा खाली येणार नाही. आता त्याच थर्मामीटरच्या फुग्याला ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळा आणि पंख्याखाली धरा. पारा भराभर उतरेल. घाम आलेली आपली कातडी म्हणजे तेच ओलं फडकं. पंख्याचा सगळा उपयोग या दुसऱ्या प्रयोगात आहे. म्हणून खोलीत माणूस नसताना पंखा फिरवत ठेवण्याला काहीच अर्थ नाही, आणि ‘खोली थंड होऊ दे’ म्हणून आधीपासून लावून ठेवण्यालाही नाही.

थोडा हिशेब करू. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडावी लागते. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. बाहेरची हवा कातडीइतकीच गरम असेल, तर सगळा भार घामावर पडतो आणि तासाला जवळजवळ १५० मिली घाम नुसता येऊन चालत नाही, तो वाळावाही लागतो. हवा स्तब्ध असली की अंगालगतच्या पातळ थरात वाफ आणि ऊब साचते आणि वाळणं अडतं. पंखा तो थर सतत खरवडून नेतो. अंगावर सेकंदाला १ मीटर, म्हणजे सावकाश चालण्याच्या वेगाचा वारा आला, तरी साधारण ३ अंशांनी कमी उकडल्यासारखं वाटतं.

इथेच नागपूर आणि रत्नागिरी वेगळी होतात. कोकणात मे महिन्यात पारा ३३-३४ च्या पुढे फारसा जात नाही, पण हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम निथळतो, वाळत नाही. तिथे भरपूर वारा हाच उपाय, आणि चांगला पंखा पुरेपूर कामाला येतो. विदर्भात पारा ४४ वर गेला की हवा कातडीपेक्षा बरीच गरम असते. आता वारा दोन्ही कामं करतो: घाम वाळवून गारवा देतो आणि सोबत बाहेरची उष्णता अंगावर आणून टाकतो. तरण्याताठ्या, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाला तरीही फायदा होतो. म्हाताऱ्या माणसांना घाम कमी येतो, त्यामुळे त्यांना नुसत्या पंख्याच्या भरवशावर ठेवू नका; कूलर लावा, निदान अंगावर ओला पंचा द्या. तिथल्या कोरड्या हवेत कूलर झकास चालतो आणि मुंबईत तोच कूलर खोलीचं न्हाणीघर करतो, याचं कारणही हेच.

एसी असलेल्यांसाठी एवढंच: १ जानेवारी २०२० पासून बनलेले खोलीचे एसी २४ अंशांवर सेट होऊन येतात. सोबत पंखा मंद ठेवलात तर २६-२७ वर तितकंच बरं वाटतं.

पायरी २: टेप घ्या आणि खोली मोजा

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, म्हणजे इमारती कशा बांधाव्यात याच्या देशव्यापी नियमावलीत, एक सुटसुटीत आडाखा दिलेला आहे. खोलीची लांब बाजू मीटरमध्ये घ्या, तिला ५५ ने गुणा. मिनिटाला तितके घनमीटर हवा हलवणारा पंखा त्या खोलीला हवा.

१२ बाय १० फुटांची बेडरूम घ्या. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, गुणिले ५५, म्हणजे सुमारे २०१. आपल्याकडच्या नेहमीच्या १२०० मिमीच्या पंख्याला वीजबचतीचं स्टार लेबल मिळवायचं तर मिनिटाला निदान २१० घनमीटर हवा द्यावी लागते. म्हणजे काम झालं. आता १८ फुटी हॉल घ्या: ५.५ मीटर गुणिले ५५, म्हणजे ३०२. इथे एक १२०० मिमीचा पंखा कितीही महागडा आणला तरी हॉलची दोन्ही टोकं कोरडीच राहतील. लांबोळक्या हॉलला एका थोराड पंख्यापेक्षा दोन मध्यम पंखे बरे पडतात, कारण खरा वारा पात्यांच्या घेराखालीच असतो. बाहेर सरकलात की तो झपाट्याने कमी होतो. घर बांधतानाच स्लॅबमध्ये दोन फॅन बॉक्स टाकून घ्या; नंतर स्लॅब फोडणं कुणालाच परवडत नाही.

आकार म्हणजे ‘स्वीप’. फिरणाऱ्या पात्यांची टोकं जे वर्तुळ काढतात त्याचा व्यास, पात्याची लांबी नव्हे. बाजारात ६००, ९००, १०५०, १२०० आणि १४०० मिमी सहज मिळतात. दुकानात याच मापांना २४, ३६, ४२, ४८ आणि ५६ इंची म्हणतात. स्वयंपाकघराला किंवा ८ बाय ८ च्या खोलीला ९०० पुरतो.

खोलीत बसत असेल तर मोठ्या स्वीपकडे झुकावं, असं माझं मत आहे, आणि ते नुसतं मत नाही. थोडी हवा जोरात ढकलण्यापेक्षा पुष्कळ हवा सावकाश ढकलायला वीज कमी लागते, कारण हवेला दिलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. गणित असं निघतं की तेवढीच हवा हलवायला लागणारी किमान शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताने कमी होत जाते. १२०० ऐवजी १४०० घेतला आणि हवा तेवढीच ठेवली, तर कागदावर ५४ टक्के शक्तीत काम भागतं. प्रत्यक्षात मोटरीत आणि पात्यांत गळती होते, पण दिशा तीच. गोदामांत आणि काही रेल्वे स्थानकांवर वीस-चोवीस फुटांचे अवाढव्य पंखे डुलत डुलत फिरताना दिसतात, ते याच हिशेबावर. इतके मंद, की बघणाऱ्याला वाटतं बिघडलाय. खाली उभं राहिलं की कळतं.

पायरी ३: उंची ठरवा

पंखा खाली हवा फेकतो हे सगळ्यांना दिसतं. तेवढीच हवा त्याला वरून घ्यावी लागते हे दिसत नाही. पाती छताला चिकटली की वरून हवा यायला वाटच उरत नाही, आणि पंखा मोठमोठ्याने फिरूनही खाली काही पोचत नाही. म्हणून छत आणि पाती यांत निदान ३० सेंटिमीटर जागा सोडायची.

त्याच बिल्डिंग कोडात पात्यांच्या उंचीचंही सूत्र आहे: खोलीच्या उंचीची तिप्पट, अधिक बसायच्या-काम करायच्या पातळीची उंची, भागिले चार. ३ मीटर उंच खोली आणि पाऊण मीटर उंचीचं टेबल धरलं, तर ९.७५ भागिले ४, म्हणजे जमिनीपासून २.४४ मीटर. पंख्यासोबत फूटभराचा रॉड येतो, त्यात हे साधारण जमून जातं.

अडचण येते ती ठेंगण्या आणि फार उंच घरांत. नऊ फुटी छताच्या फ्लॅटमध्ये हे सूत्र २.२५ मीटर सांगतं. तिथे मी सूत्र बाजूला ठेवीन. सदरा काढताना वर गेलेला हात किंवा बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर विसरून चालत नाही. २.४ मीटरवर ठेवलं तर वर ३५ सेंटिमीटर उरतात, तेवढ्यात भागतं. त्याच फ्लॅटमध्ये हौसेने फॉल्स सीलिंग केलं आणि अर्धा फूट खाल्ला, की २० सेंटिमीटरच उरतात. फॉल्स सीलिंग करायचंच असेल तर कडेने करा, पंख्याभोवतीचा चौकोन मोकळा सोडा. इंटिरियरवाला कुरकुर करेल, करू द्या.

जुन्या वाड्यात १३ फुटी छत असेल तर उलट. ४ मीटरला सूत्र ३.१९ मीटर देतं, म्हणजे पाती छतापासून ८० सेंटिमीटर खाली यायला हवीत. लांब रॉड वेगळा मिळतो, फार महाग नसतो. तो न घेता फूटभराच्या रॉडवर टांगलेले पंखे जुन्या घरांत किती दिसतात! कौलारू घरात आणखी एक भानगड असते. दुपारी कौलं तापतात आणि त्यांच्याखाली गरम हवेचा थर जमतो. तुळईला टांगलेला पंखा नेमका तो थर ओढून खालच्यांच्या डोक्यावर सोडतो. माळा घातलेला असला, निदान खाली कापडी छत ताणलेलं असलं, तरी त्याच पंख्याचा वारा सुसह्य होतो.

जागा ठरवताना खोलीचा मध्य शोधत बसू नका. पलंग आणि बैठक कुठे येणार ते बघा. पात्यांचं टोक भिंतीपासून, कपाटाच्या वरच्या कडेपासून दूर हवं, आणि दुमजली पलंगाच्या वरच्या मजल्यावर कुणी झोपणार असेल तर पंखा त्याच्या हाताच्या टप्प्यात अजिबात नको. दिवा पात्यांच्या वर लावला की सबंध खोलीभर सावल्यांची लुकलुक होते. दिवे पात्यांच्या खालच्या पातळीला, भिंतीवर.

वारा कसा फिरतो ते बघायचं असेल तर एखाद्या शांत दुपारी खिडक्या लावा, पंखा एकवर ठेवा आणि उदबत्ती घेऊन खोलीभर हिंडा. पात्यांच्या टोकाखाली धूर सरळ जमिनीकडे ढकलला जातो. जमिनीलगत धरलीत तर तो भिंतीकडे पळतो. भिंतीपाशी वर चढतो आणि छताखालून परत पंख्याकडे येतो. आणि बरोबर मोटरच्या खाली? तिथे धूर रेंगाळतो, गिरक्या घेतो, कुठेच जात नाही. डोकं नेमकं मोटरखाली ठेवून झोपणाऱ्यांना ‘पंखा लागत नाही’ असं का वाटतं, त्याचं उत्तर त्या रेंगाळणाऱ्या धुरात आहे. उशी फूट-दीड फूट सरकवून बघा.

पायरी ४: पाती वाचायला शिका

मोटरखाली वारा का नसतो, याचं कारण पात्यांच्या वेगात आहे. १२०० मिमीचा पंखा मिनिटाला ३५० फेरे घेतो तेव्हा पात्याचं टोक सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ऐंशीएक किलोमीटर वेगाने धावत असतं. त्याच पात्याचा मधला भाग ताशी चाळीसने, आणि मोटरजवळचा भाग रांगत. शिवाय वर्तुळाचं तीन चतुर्थांश क्षेत्रफळ बाहेरच्या अर्ध्या त्रिज्येत असतं. वारा बनतो तो तिथेच. आतल्या भागाचं काम मुख्यतः बाहेरच्या भागाला धरून ठेवण्याचं.

पातं हवेला भिडतं तो कोन फार कमी ठेवला तर ते हवा नुसती कापत जातं. फार वाढवला तर हवा पात्याच्या वरच्या पाठीवरून सुटते, मागे भोवरे होतात, आवाज वाढतो आणि मोटर धापा टाकते. योग्य कोन त्या ठिकाणच्या वेगावर अवलंबून असतो, आणि वेग तर आतून बाहेर बदलत जातो. म्हणून आदर्श पात्याला पीळ हवा: मोटरपाशी जास्त तिरकं, टोकाकडे सपाट होत जाणारं. पत्रा दाबून केलेल्या पात्याला बाक देता येतो, पीळ थोडाच देता येतो. साच्यातून ओतलेल्या प्लॅस्टिकच्या पात्याला विमानाच्या पंखासारखी जाडी आणि पीळ दोन्ही देता येतात. दुकानात पातं हातात घ्या, डोळ्यासमोर आडवं धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघा. पीळ असेल तर लगेच दिसतो.

पाती किती असावीत? आपल्याकडे तीन, अमेरिकन घरांत चार-पाच. तिकडे थंड करायचं काम एसीचं. पंखा सोबतीला, मंद आणि बिनआवाजी फिरणारा. मंद फिरून पुरेशी हवा हलवायची तर पाती जास्त आणि रुंद लागतात. आपल्याला पंख्यावरच उन्हाळा काढायचा असतो. जोरात फिरणाऱ्या पंख्यात प्रत्येक पातं पुढच्याने घुसळलेल्या हवेतच शिरतं, त्यामुळे पाती वाढवून वारा त्या प्रमाणात वाढत नाही, वजन आणि खेच मात्र वाढते. आठ पात्यांचा शोभिवंत पंखा घ्यायला हरकत नाही, पण तो शोभेसाठी घेतोय हे मनाशी असू द्या.

आता घरातल्या चालत्या पंख्याचं बटण बंद करा, तो पूर्ण थांबू द्या, आणि स्टुलावर चढून पातं बघा. पुढच्या कडेला काळी, चिकट रेघ असते. मागची कडा बरीच स्वच्छ. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूवर धूळ बसतेच कशी? एक तर हवा पात्याच्या पुढच्या कडेला फुटून वर-खाली वळते, पण धुळीचे जड कण तेवढ्या चपळाईने वळू शकत नाहीत, ते कडेवर आपटतात. दुसरं, पात्याच्या अगदी पृष्ठभागाला लागून असलेला हवेचा बारीक थर पात्याबरोबरच फिरतो, घासून जात नाही. कण त्या थरात शिरला की त्याला उडवायला वाराच नसतो. स्वयंपाकघराजवळ तेलकट वाफ त्याला चिकटवून टाकते. ही रेघ नुसती घाण नव्हे. जिथे पात्याचा आकार सर्वात महत्त्वाचा, नेमक्या त्या कडेला ती खडबडीत करते. महिना-दोन महिन्यांनी उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवून, वरून दाबत ओढून काढा. धूळ अभ्र्यात राहते, अंथरुणावर पडत नाही. ओल्या फडक्याने पुसायचं ते त्यानंतर, आणि पातं वाकणार नाही अशा बेताने.

पायरी ५: मोटर समजून घ्या

पंख्याची मोटर उलटी असते. नेहमीच्या मोटरीत बाहेरचं कवच स्थिर आणि आतला दांडा फिरतो. इथे दांडा छताला बांधलेला, तांब्याच्या वेटोळ्यांचा स्टेटर त्यावर स्थिर, आणि बाहेरचं कवच फिरतं. पाती त्या कवचालाच आवळलेली. गिअर नाही, पट्टा नाही. सिंगर शिवणयंत्राच्या मोटरवर काम करणाऱ्या फिलिप डील या जर्मन-अमेरिकन माणसाने १८८२ मध्ये तसल्या मोटरीला पाती लावून ती छताला टांगली, तिथून हा प्रकार सुरू झाला.

आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. मोटरीचे ध्रुव किती, यावर वेगाची कमाल मर्यादा ठरते: १४ ध्रुवांना मिनिटाला ४२८ फेरे, १६ ना ३७५, १८ ना ३३३. साध्या इंडक्शन मोटरचं कवच या आकड्याच्या थोडं मागे राहतं. मागे राहिल्याशिवाय त्यात जोरच निर्माण होत नाही. घरगुती एका फेजच्या विजेतून फिरतं चुंबकीय क्षेत्र आपोआप मिळत नाही, म्हणून दुसरी वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, कपॅसिटरमधून जोडतात. हा कपॅसिटर, वायरमनच्या भाषेत कंडेन्सर, बहुतेक २.५ मायक्रोफॅरडच्या आसपासचा. तो मेला की पंखा गुणगुणतो पण उठत नाही. तो अशक्त झाला की पंखा वर्षागणिक मंद होत जातो आणि घरचे म्हणतात, म्हातारा झाला. बहुतेक वेळा म्हातारा झालेला असतो तो फक्त कंडेन्सर.

या मोटरीचा दोष म्हणजे फिरत्या भागातही विजेचा प्रवाह वाहावा लागतो, आणि तो तापतो. तासभर चाललेल्या जुन्या पंख्याचं कवच, बंद केल्यावर, हात लावून बघा. ती ऊब म्हणजे बिलात भरलेली, पण वाऱ्यात न आलेली वीज. बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) पंख्यात फिरत्या भागावर कायमचे चुंबक असतात, आणि कुठल्या वेटोळ्यात कधी प्रवाह सोडायचा ते इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं. तेवढ्याच वाऱ्याला जिथे जुना पंखा ७५ वॅट खातो, तिथे हा २८ ते ३५ मध्ये भागवतो. आपल्याकडे हे पंखे घरोघरी नेण्यात आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या ॲटमबर्गचा वाटा मोठा. आता बहुतेक जुन्या कंपन्याही बनवतात.

दोन फायदे जाहिरातीत कमी सांगतात. एक व्होल्टेजचा. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो: २३० चं १८० झालं की जोर ६१ टक्क्यांवर येतो. गावाकडे संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि दिवे चालू झाले की पंखा डुलायला लागतो तो म्हणून. बीएलडीसीतलं इलेक्ट्रॉनिक्स हा चढउतार बराच सांभाळून घेतं. दुसरा फायदा मंद वेगाचा. हवा घुसळायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने बदलते. वेग २० टक्क्यांनी कमी केला की ती निम्मी होते. जुना लाकडी-पेटी रेग्युलेटर हा फायदा तारेत जाळून टाकायचा. आजचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर स्वतः जाळत नाही, पण इंडक्शन मोटर मंद फिरताना आत तापतेच. बीएलडीसी पहिल्या वेगावर सहा-आठ वॅटवर येतो. थंडीत पंखा एकवर ठेवून झोपणाऱ्यांच्या घरात हा फरक मोठा आहे.

पायरी ६: लेबलवर दोनच आकडे बघा

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना बीईईचं (केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचं) स्टार लेबल सक्तीचं झालं. तारे ठरतात ते ‘सर्व्हिस व्हॅल्यू’वर: मिनिटाला किती घनमीटर हवा, भागिले किती वॅट. १२०० मिमीच्या पंख्याला एका ताऱ्यासाठी ४, पाच ताऱ्यांसाठी ६. म्हणजे २१० हवा ३५ वॅटमध्ये दिली की पाच तारे. जुन्या ७५ वॅटच्या पंख्याची सर्व्हिस व्हॅल्यू जेमतेम तीन, तो आता या शर्यतीतच नाही. आज दुकानातला एका ताऱ्याचा पंखाही ५० वॅटच्या आसपासचा असतो.

गंमत अशी की पाच तारे दोघांना सारखेच मिळतात, २१० देणाऱ्याला आणि २४० देणाऱ्यालाही. म्हणून आधी हवेचा आकडा बघा, दुसऱ्या पायरीत काढलेल्या आकड्याशी ताडून बघा, आणि मग वॅट. स्पीडचा आकडा सोडून द्या. अरुंद, सपाट पाती लावली की स्पीड वाढते आणि वारा कमी होतो.

पैशाचा हिशेब प्रामाणिकपणे करा. रोज १५ तास, वर्षात ३०० दिवस, म्हणजे ४५०० तास. ७५ वॅटचा जुना पंखा ३३७ युनिट खातो, ३२ वॅटचा १४४. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला दीड हजार वाचतात. जुना काढून नवा लावणं लवकर वसूल होतं. पण दुकानात ५० वॅटचा एकतारी आणि ३२ वॅटचा पाचतारी यांत निवड करताना फरक वर्षाला साडेसहाशेचाच, आणि पाहुण्यांच्या खोलीत तर शंभराचाही नाही. तिथे स्वस्तातला घ्या, बिनधास्त. घरात इन्व्हर्टर असेल तर मात्र पारडं फिरतं: चार जुने पंखे ३०० वॅट ओढतात, चार बीएलडीसी १३० च्या आत.

पायरी ७: बसवून घ्या, आणि जवळ उभे राहा

वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच. तुमचं काम बघण्याचं. आधी एमसीबी खाली, मग टेस्टर. हूक स्लॅबच्या सळईत अडकलेला हवा, नुसता प्लास्टरमध्ये नव्हे. वरच्या शॅकलमध्ये (रॉड हुकाला अडकवणाऱ्या लोखंडी पकडीत) रबरी रीळ, त्यातून बोल्ट, नट, आणि नटामागे स्प्लिट पिन. पिनेचे दोन्ही पाय फाकवलेत का ते डोळ्यांनी बघा. रॉडच्या खालच्या टोकालाही तसंच. पंखा पडल्याच्या बातम्यांत ही चिमूटभर पिन बऱ्याचदा नसतेच. अर्थिंगची हिरवी तार कापून टाकू देऊ नका. बीएलडीसी असेल तर जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढायला सांगा. त्याच्यावर चालवला तर आतलं इलेक्ट्रॉनिक्स जातं.

एका खोक्यातली तीन पाती वजनाने जुळवलेला संच असतो. दोन पंखे एकाच दिवशी लावताना पाती एकमेकांत मिसळू देऊ नका. टोकाशी १० ग्रॅमचा फरक पडला तर ३५० फेऱ्यांना तो सुमारे ८०० ग्रॅम वजनाइतका बाहेर ओढतो, आणि ही ओढ सेकंदाला सहा वेळा दिशा बदलत फिरते. डुगडुगणं म्हणतात ते हेच. तपासायला काठी पुरते: छताला टेकवून एका पात्याच्या टोकाची उंची खुणेने घ्या, पंखा हाताने फिरवून बाकीची दोन त्याच खुणेला येतात का बघा. चार-पाच मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर पात्याचा दांडा वाकलाय किंवा स्क्रू ढिला आहे. सगळं सारखं असूनही डुगडुगत असेल, तर एकेका पात्याच्या वरच्या बाजूला चिकटपट्टीने नाणं लावून बघा. ज्यावर लावल्याने थांबेल तिथे ते पक्कं करा.

वारा खालीच येतोय ना? आपल्याकडचा पंखा खालून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो आणि पात्याची वर उचललेली कडा पुढे असते. कंडेन्सरच्या तारा उलट्या जोडल्या तर पंखा उलटा फिरून छताला वारा घालत बसतो. जोरात फिरतोय पण लागत नाही, अशी तक्रार असली की आधी हे बघायचं.

पुढे कधी बिघडला तर

मंद झाला: कंडेन्सर बदला, तोच आकडा छापलेला, किरकोळ खर्चाचा. बंद केल्यावरही त्यात चार्ज उरलेला असू शकतो, टोकांना बोट लावू नका. घरघर येते आणि हाताने फिरवल्यावर खरखर जाणवते: बेअरिंग गेली, दोन्ही एकदम बदला. फक्त मंद वेगावर गुणगुणतो, पूर्ण वेगावर गप्प: दोष पंख्यात नाही, रेग्युलेटरमध्ये आहे. दर फेऱ्याला टक आवाज: पात्याचा स्क्रू.

वाइंडिंग जळाली असेल तर रिवाइंडिंगच्या भानगडीत पडू नका. मूळचा पंखा ७५ वॅटचा असेल तर रिवाइंड केल्यावर तो फार तर पुन्हा ७५ चाच होणार. भंगारात द्या, पण देताना मोटर आणि पाती वेगवेगळी तोलायला सांगा. पाती ॲल्युमिनियमची असतील आणि आत तांबं असेल, तर लोखंडाच्या भावात ती देण्याचं काही कारण नाही.